बरणीवरचा वेल

पंचवीस वर्षांपूर्वी गेनभाऊ माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते द्राक्षाच्या आजारी पानाचा फोटो घेऊन. त्या पानावरच्या रोगाला मी दोन औषधं सांगितली, पाण्यात किती टाकायची तेही सांगितलं, आणि मग मला कळलं की ते पान बरणीवर रंगवलेलं आहे.

माझं नारायणगावात औषधांचं दुकान आहे. माणसांच्या नव्हे, पिकांच्या. आम्ही मूळचे राजस्थानचे, पण पणजोबांपासून इथलेच. घरात मारवाडी ऐकू येते ती फक्त आईला राग आला की. मुंगीलाही दुखवू नये म्हणणाऱ्या घरात हा किडे मारण्याचा धंदा कुठून शिरला, असं आई मला दर पर्युषणात विचारते. मी सांगतो, की मी बुरशीचीच औषधं जास्त विकतो. तिचं त्यानं समाधान होत नाही, कारण तिच्या मते बुरशीतही जीव असतो, आणि शास्त्राप्रमाणे ती बरोबर आहे.

तर गेनभाऊ. वारूळवाडीचे, आता सत्तरीतले, उंच आणि किडकिडीत. सदऱ्याच्या खिशात कायम छाटणीची कात्री. लग्नाला जातानाही ती बरोबर असते. एकदा एका मंगल कार्यालयात कमानीवरच्या प्लॅस्टिकच्या वेलाची त्यांनी दोन टोकं खुडली. नवरीच्या मामानं जाब विचारला तेव्हा म्हणाले, "लई फुटवा झाला व्हता." मामा स्वतः बागाईतदार असल्यामुळे त्याला ते पटलं.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी समोर ठेवलेला फोटो गावातल्याच स्टुडिओत काढलेला होता, आणि बरणीच्या कडा मुद्दाम कापून टाकलेल्या होत्या. पानावर तपकिरी डाग. मी करपा म्हणालो. त्यांनी शांतपणे पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली आणि लिहून घेतलं. मग म्हणाले, "शेठ, तुमी अकरावं. करपा म्हननारं चौथं."

नंतर कळलं, की हा प्रकार ते सगळ्यांशीच करायचे. कृषी खात्याचे साहेब, कंपन्यांचे टाय लावून येणारे प्रतिनिधी, विद्यापीठातून आलेले तज्ज्ञ, कुणाचीही सुटका नव्हती. वहीत प्रत्येकाचं निदान होतं. कुणी डाउनी म्हणालं होतं, कुणी भुरी. एकानं बाग तीन दिवसांत हातची जाईल म्हणून बजावलं होतं. एका प्रतिनिधीनं पानांच्या रंगावरून लोहाची कमतरता ओळखली होती आणि एकरी डोसही लिहून दिला होता. गेनभाऊ कुणालाच हसत नसत. सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत.

"रोग ऱ्हाऊ द्या. येल बरुबर लावलाय का, त्येवढं सांगा."

या प्रश्नासाठी सगळा खटाटोप होता, हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली.

बरणी मी पाहिली ती त्यांच्या घरी, फवारणीच्या पंपाचा वाद मिटवायला गेलो तेव्हा. दोन विती उंच, वर फुगीर, खाली निमुळती होत गेलेली, दुधावरच्या सायीच्या रंगाची. तोंडाला फडकं बांधलेलं, आत त्यांच्या बायकोचं, सिंधूवहिनींचं, लिंबाचं लोणचं. आणि अंगावर तपकिरी रंगात काढलेला द्राक्षाचा वेल. कुठून तरी वरून आल्यासारखा खाली झुकलेला, मोठी पानं, तीन घड, आणि मागच्या बाजूला एक माकड. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण तो वेल बघून दुकानदाराचा हात आपोआप औषधाच्या बाटलीकडे जावा, इतका तो जिवंत होता.

"छान आहे हो चिनी मातीची बरणी," मी म्हणालो.

"चिनी न्हाई. कोरियाची," गेनभाऊ म्हणाले. मागून सिंधूवहिनीही तेच म्हणाल्या, कारण लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना राहवलं नसावं.

ती आणली होती गेनभाऊंच्या वडिलांनी. सगळे त्यांना आण्णा म्हणत. आण्णा फौजेत आचारी होते. कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांच्या देखरेखीसाठी आपली फौज तिकडे गेली, तेव्हा त्यांनाही बोटीत बसवून नेलं. छावणीजवळ एक म्हातारी राहायची. आण्णा तिला रोज लंगरातला उरलेला भात द्यायचे. निघायच्या दिवशी तिनं ही बरणी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. नको म्हणता येईना, आणि म्हणायचं झालं तरी कुठल्या भाषेत म्हणणार? आण्णांनी ती बिस्तऱ्यात गुंडाळली आणि वारूळवाडीपर्यंत सांभाळून आणली. फौजेतून आण्णांना दोनच गोष्टी मिळाल्या, असं गावात म्हणत: एक बरणी आणि दुसरी, पन्नास माणसांच्या खाली स्वयंपाकच न येण्याची सवय.

पुढे काही वर्षांनी आण्णांनी द्राक्षं लावायचं ठरवलं. तेव्हा आमच्या भागात द्राक्षं नवी होती. नाशिककडून कलमं आणून विहिरीशेजारी वीस वेल लावले. आणि त्यांनी ते लावले बरणीवरच्यासारखे. मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेलाला एक तिरपी मेढ, तिच्यावर वेल चढवायचा आणि पलीकडे मोकळा खाली सोडायचा. दिसायला हुबेहूब. तिसऱ्या वर्षी घड धरले, जमिनीला टेकले आणि पाऊस आला तसे जागच्या जागी कुजले. गाव विहिरीवर बघायला लोटलं. कोणी विचारलं, की आण्णा म्हणत, "कोरियात असंच करत्यात." आण्णांचे जोडीदार दशरथबाबा त्या वेळी तिशीतले. त्यांनी आण्णांना 'बरणीवाला' असं नाव पाडलं. ते असं चिकटलं, की पुढे घराण्यालाच लागलं. आजही वारूळवाडीत गेनभाऊंचं घर विचारलं तर लोक आडनाव ऐकून विचारात पडतात आणि बरणीवाले म्हटलं की लगेच हात करतात.

आण्णांनी नंतर नीट मांडव घातला, बाग चांगली केली. गेनभाऊंनी ती चार एकरांवर नेली, माल परदेशी पाठवला. पण नाव गेलं नाही. आणि दशरथबाबांशी गेनभाऊ साठ वर्षं बोलले नाहीत. पंगतीत ते समोर आले तर गेनभाऊ ताट उचलून दुसरीकडे बसत. आण्णांच्या दशक्रियेला दशरथबाबा घाटावर आले आणि भाषणाला उभे राहिले, तेव्हा गेनभाऊ उठून नदीच्या बाजूला तोंड करून बसले, असं सांगणारे अजून आहेत.

ही सगळी हकीकत मला कळल्यावर त्या प्रश्नाचा अर्थ लागला. वेल बरोबर असेल, तर आण्णा चुकले नाहीत. आपल्या हवेला जमलं नाही इतकंच. वेल चुकीचा असेल, तर आण्णा खरोखरच एका बरणीला फसले. गेनभाऊंना निकाल हवा होता, आणि तो त्यांना आपल्या बाजूनं हवा होता. त्यासाठी त्यांनी पुरावेसुद्धा गोळा केले होते.

"माकड बगा," एकदा दुकानातल्या बाकावर बसून त्यांनी मला सांगितलं. "तीन घड हायेत. त्यातला पिकलेला कुठला? खालचा. माकडानं हात कशाला घातलाय? खालच्यालाच. ज्यानं चित्र काढलं त्याला द्राक्ष कळत व्हतं शेठ. येल त्यो उगं काढील व्हय?"

"माकडाला कळत असेल," मी म्हणालो.

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या वीस वेलांपैकी एक वेल त्यांनी अजून ठेवला आहे. विहिरीच्या काठाला, तिरप्या मेढीवर, आण्णांनी सोडला तसाच. त्याची छाटणी ते बरणी शेजारी ठेवून करतात. बागेतल्या सगळ्या रोगांचं ते माहेर आहे असं त्यांच्या मुलाचं म्हणणं आहे, आणि माझ्या विक्रीकडे बघता मुलगा खोटं बोलत नाही. मुलानं तो काढायची गोष्ट काढली, की गेनभाऊ खिशातली कात्री काढून तिला धार आहे का ते बघू लागतात.

यंदा माल उतरायच्या दिवसांत एक गोष्ट घडली. माझा भाचा पारस चाकणला एका कोरियन कारखान्यात नोकरीला आहे. एका रविवारी तो आपल्या साहेबांच्या बायकोला द्राक्षं दाखवायला घेऊन आला. साहेब कामात होते, त्या एकट्याच आल्या. किमबाई. वयानं चाळिशीच्या, बोलायला शांत. आईनं त्यांना पोहे दिले, त्यांनी ते सगळे खाल्ले, त्यामुळे आईनं त्यांना ताबडतोब चांगल्या घरातली ठरवलं. मी गेनभाऊंना फोन केला, की कोरियाच्या बाई आल्या आहेत, आणू का? त्यांनी आधी सिंधूवहिनींना हाक मारली. मग म्हणाले, "अर्ध्या तासानं आणा."

त्या अर्ध्या तासात त्यांनी काय केलं, ते आम्ही पोहोचल्यावर दिसलं. लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात गेलं होतं. बरणी धुऊन, पुसून ओट्यावर नव्या टॉवेलवर ठेवली होती. शेजारी वही होती. गेनभाऊंनी स्वतः इस्त्रीचा सदरा घातला होता.

किमबाईंनी बरणी बघितली आणि चपला काढून खाली बसल्या. बराच वेळ तिला हात लावला नाही. मग दोन्ही हातांनी उचलली, बूड बघितलं, फिरवून माकड बघितलं आणि हसल्या. पारसनं त्यांचं बोलणं सांगितलं: बरणी फार जुनी आहे, दोन-अडीचशे वर्षांची असावी. अशा बरण्या त्यांच्याकडे संग्रहालयात काचेच्या आड असतात. वेल ज्या रंगानं काढलाय, तो लोखंडाचा रंग आहे, म्हणून तपकिरी. मला तो लोहाची कमतरता सांगणारा प्रतिनिधी आठवला आणि मी खोकल्यासारखं केलं. बरणी ओट्यावर ठेवू नका, तिची किंमत मोठी आहे, असंही बाई म्हणाल्या.

गेनभाऊंच्या मुलानं मान वर केली. गेनभाऊंनी केली नाही.

"पारस, बाईंना इचार, येल बरुबर लावलाय का."

पारसनं विचारलं. किमबाईंना प्रश्नच कळेना. त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, की मला शेतीतलं काही येत नाही, पण माझ्या वडिलांची द्राक्षबाग होती, त्यांना विचारू. आणि तिथल्या तिथे त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरे केस, अंगात स्वेटर. गेनभाऊंनी हात जोडले, त्यांनी मान वाकवली. प्रश्न मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून कोरियनमध्ये गेला. आधी बरणी दाखवली, मग सगळ्यांनी विहिरीवर जाऊन तो वेल दाखवला. म्हाताऱ्यांनी फोन डोळ्यांजवळ घेतला. वेल खालून वरपर्यंत दाखवायला सांगितला. शेतकरी कुठलाही असो, दुसऱ्याचा वेल बघताना त्याचा चेहरा कसा होतो, ते मी रोज दुकानात बघतो. तोच चेहरा होता.

उत्तर उलट्या वाटेनं आलं. पारस जमिनीकडे बघत बोलला.

"ते म्हणतात, चित्र फार सुंदर आहे. पण असा वेल कुणी लावत नाही. त्यांच्याकडेसुद्धा मांडवावरच लावतात. चित्र काढणारा दरबारी माणूस असणार. दिसायला बरं म्हणून त्यानं वेल मोकळा सोडला."

गेनभाऊंनी मान हलवली. "बरं," म्हणाले. मग पुन्हा हात जोडले. किमबाईंना त्यांनी द्राक्षांच्या दोन पेट्या दिल्या, गाडीत नीट ठेवून दिल्या, दांडीला धरून घड कसा धुवायचा तेही दाखवलं. यजमानपणात काही कमी पडू दिलं नाही. वही मात्र उघडली नाही. मला वाईट वाटलं. पंचवीस वर्षं ज्याची चेष्टा केली, त्या माणसाला आपणच बाईंना आणून खटला हरायला लावला, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते.

"शेठ, गाडी काढा. पिंपळवंडीला जायचंय."

"काय काम आहे?"

"दशरथबाबा लेकीकडं असतोय आता. त्याला भेटायचंय."

मी गाडी काढली. आम्ही बायपासच्या पुढे आलो. तेव्हा गेनभाऊ समोर बघतच म्हणाले, "मांडवाचे बांबू आणले व्हते आण्णांनी."

मला कळलं नाही.

"कलमं आणली तवा नाशकाच्या मानसानं समदं समजावून दिलं व्हतं. बांबू, तार, समदं आणून विहिरीवर टाकलं व्हतं. मी आठ वरसांचा. मी म्हनलं, बरनीवर हाय तसाच लावायचा. हट्ट धरला. दोन दिस जेवलो न्हाई. आण्णा हसलं, म्हनलं, बरं, वीसच येल तर हायेत, तुज्या मनासारखं करू. बांबू गोठ्याला लावलं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"मग घड कुजलं. लोक हसायला आले. मी विहिरीमागं लपलो. आण्णा सगळ्यांना म्हनलं, कोरियात असंच करत्यात. कोरियात त्यांनी द्राक्षाचं पान बी बगितलं नव्हतं. तिकडं थंडीत समदं गोठलेलं. येल बरुबर निगाला असता, शेठ, तर माजा हट्ट बी बरुबर व्हता. आता न्हाई निगाला. आता दशरथबाबाला सांगून टाकतो. नाव चुकीच्या मानसाला पडलंय."

"आण्णांशी कधी बोललात का यावर?"

"न्हाई. त्यांनी बी कधी काडलं न्हाई."

दशरथबाबा पडवीत कॉटवर बसले होते. नव्वदी ओलांडलेली, दात नाहीत, पण नजर चांगली. गेनभाऊंना बघून त्यांनी पाय जवळ घेतले आणि कॉटवर जागा केली. गेनभाऊ बसले नाहीत. उभ्यानंच, शाळेत पाठ म्हणावा तसं सगळं सांगितलं. बांबू, हट्ट, विहिरीमागं लपणं. शेवटी म्हणाले, "आण्णा बरनीवाला न्हाई. बरनीवाला मी."

दशरथबाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

"काय ठाव हाय?"

"समदं. तुजा बाप त्याच सांजेला माज्याकडं आला व्हता. म्हनला, दशरथ, पोराच्या हट्टापायी केलं. आता मान्सं पोराला हसतील, आन् त्यो पुना शेतात पाय ठिवायचा न्हाई. तू मला कायतरी नाव पाड. नाव पडलं का लोक माज्या मागं लागतील, त्याला इसरतील. म्हून पाडलं." आणि वर म्हणाले, "चांगलं पाडलं व्हतं. टिकलं."

गेनभाऊ कॉटच्या कडेवर बसले.

"साठ वरसं झाली," ते म्हणाले. "मला सांगितलं का न्हाई?"

"तू बोलत कुठं व्हता माज्याशी?"

गेनभाऊ रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. गारपिटीत सगळी बाग गेली त्या वर्षीही नाही. सदऱ्याची बाही तोंडाला लावून, आवाज न करता ते रडत राहिले, आणि दशरथबाबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. आतून त्यांच्या लेकीनं चहा आणला, आमच्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवून परत गेली.

मी बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. दुकान उघडायचं होतं, दोन फोन येऊन गेले होते. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. पडवीतून दोघांचे आवाज येत होते. आण्णांना पन्नास माणसांचा रस्सा करायची सवय होती, आणि एकदा चौघांसाठी केला तर तीन आळ्यांना वाटावा लागला, असं दशरथबाबा सांगत होते. गेनभाऊ मध्येच विचारत होते, "मग? मग काय झालं?"

मी एकदा हॉर्न वाजवला. गेनभाऊ दारात आले. डोळे लाल होते.

"तुमी जावा शेठ," ते म्हणाले. "मी मागनं जीपनं येतो."